शाळा सुटली, पुढे काय?
(दिव्यांग तरुणांच्या रोजगाराचा प्रश्न : एक छोटा अभ्यास)

समाजशास्त्राच्या तासाला 'सामाजिक समस्या' हे प्रकरण शिकवताना सरांनी सांगितले, की प्रत्येकाने आपल्या गावातला एक प्रश्न घ्यावा आणि त्यावर टिपण लिहून आणावे. कोणी पाणीटंचाई घेतली, कोणी बालविवाह, कोणी व्यसनाधीनता. मी दोन दिवस विचार केला, आणि प्रश्न आपल्या घरातच आहे हे माझ्या ध्यानात आले. माझा थोरला भाऊ जन्मतः कर्णबधिर आहे. आम्ही त्याला अण्णा म्हणतो. तो दहावी पास आहे आणि दुधनीच्या बाजार आवारात एका अडत दुकानात पोती शिवण्याचे काम करतो. शाळेतून बाहेर पडल्यापासून या कामाला लागेपर्यंत त्याची जवळजवळ तीन वर्षे गेली. ती का गेली, आणि दुसऱ्या कोणाची तशी जाऊ नयेत म्हणून काय करता येईल, एवढाच या लेखाचा विषय आहे.

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिली. कायदा आणि जनगणनेचे आकडे वाचण्याची मला सवय नव्हती. सरांनी आणि ग्रंथपालांनी मदत केली म्हणून टिपणाचा लेख झाला. त्यात काही उणे राहिले असेल तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

दोन भाषांच्या मध्ये

दुधनी हे अक्कलकोट तालुक्यातले, कर्नाटकाच्या सीमेला लागून असलेले गाव. सोलापूरहून वाडीकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर आमचे स्टेशन आहे. बाजारात तूर, उडीद, हरभरा यांचे सौदे होतात. माझे वडील, म्हणजे अप्पा, तेथेच हमाली करतात. आमच्या घरात कन्नड बोलतात, शाळा मात्र मराठी. आपल्या महाविद्यालयात माझ्यासारखी बरीच मुले आहेत, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

अण्णा गावच्या शाळेत दोन वर्षे शेवटच्या बाकावर बसला. नंतर एका शिक्षकांनी अप्पांना कर्णबधिर मुलांच्या निवासी शाळेची माहिती दिली, आणि सातव्या वर्षी तो तिकडे गेला. तेथे त्याला मराठी लिहिता-वाचता आले. बोलणाऱ्याच्या ओठांवरून शब्द ओळखायला शिकवले तेही मराठीच. सुट्टीत तो घरी यायचा तेव्हा अव्वा त्याच्याशी कन्नडमध्ये बोलायची. तो तिच्या ओठांकडे टक लावून बघत राहायचा आणि मग मान खाली घालायचा. मुलांची आपापसातली खुणांची भाषा होती, ती आम्हां कोणालाच येत नव्हती. भात, पाणी, ये, जा, ताप आला, एवढ्याच आमच्या घरच्या खुणा. 'तुला पुढे काय करावेसे वाटते?' हे विचारायला आमच्याजवळ खूणच नव्हती.

तो दहावी पास झाला तेव्हा मी सातवीत होते. पत्र्याची पेटी, गुणपत्रिका आणि दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र घेऊन तो घरी आला. अव्वाने पेढे वाटले. पुढे काय, हे ना आम्हाला ठाऊक होते, ना कोणी सांगितले. एका ओळखीच्या गृहस्थांनी सेवायोजन कार्यालयात नाव नोंदवून दिले. नाव नोंदले गेले, पण बोलावणे आले नाही. शाळेत तो दोन वर्षे शिवणकाम शिकला होता. परकर, उशांचे अभ्रे, मुलांच्या चड्ड्या त्याने शिवल्या होत्या. घरी मात्र शिलाई मशीन नव्हते. सकाळी अप्पांचा डबा बाजारात पोचवायचा आणि दिवसभर ओट्यावर बसायचे, असा त्याचा क्रम झाला. लोक त्याला 'पाप, बिचारा' म्हणत. त्याला ते ऐकू येत नव्हते, पण लोकांच्या चेहऱ्यावरून कळत असावे.

प्रश्न किती मोठा आहे?

हा एकट्या अण्णाचा प्रश्न आहे काय? २०११ च्या जनगणनेनुसार भारतात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्ती होत्या, त्यांपैकी सुमारे २९ लाख ६३ हजार महाराष्ट्रात. देशातल्या दिव्यांगांपैकी १ कोटी ८६ लाख, म्हणजे शंभरात ६९, खेड्यांत राहत होते. साक्षर शंभरात ५५ होते आणि काम करणारे ३६. पुरुषांमध्ये हे प्रमाण ४७, तर स्त्रियांमध्ये फक्त २३. या आकड्यांत लहान मुले आणि वृद्धही धरलेले आहेत, म्हणून उरलेले सगळेच बेकार होते असा अर्थ कोणी काढू नये. तरीही स्त्रियांचा आकडा वाचून मी थांबले. अण्णाच्या जागी मी असते तर ओट्यावर बसण्याचीही मोकळीक मला मिळाली असती का, असा विचार मनात आला.

थोडा इतिहास

दिव्यांगांच्या शिक्षणात मुंबई प्रांत मागे नव्हता. कर्णबधिर मुलांसाठी मुंबईत १८८५ च्या सुमारास शाळा निघाली. अमेरिकन मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी १९०० साली अंध मुलांसाठी शाळा सुरू केली. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी जय वकील शाळा १९४४ साली निघाली. म्हणजे शिक्षणाचा विचार जुना आहे.

रोजगाराचा विचार सरकारी पातळीवर नंतर झाला. १९५९ साली मुंबईत अपंगांसाठी खास सेवायोजन कार्यालय सुरू झाले. १९६८ साली मुंबई आणि हैदराबाद येथे व्यवसाय पुनर्वसन केंद्रे निघाली. या केंद्रांची पद्धत मला फार आवडली. माणसात काय कमी आहे हे मोजण्याऐवजी काय शिल्लक आहे हे तेथे पाहतात. हाताची पकड किती, किती वेळ बसता येते, आवड कशाची, हे पारखून त्याप्रमाणे शिक्षण देतात आणि मालकांशी गाठ घालून देतात.

सरकारबाहेरही मोठी कामे झाली. बाबा आमटे यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन उभे केले. त्यांच्या महारोगी सेवा समितीची नोंदणी १९४९ सालची. भिकेवर जगणे भाग पडलेल्या कुष्ठरुग्णांनी तेथे शेती केली, विहिरी खणल्या, हातमाग चालवले. पुढे अंध, कर्णबधिर आणि अस्थिव्यंग तरुणांनाही तेथे हस्तव्यवसाय शिकायला मिळाले. आपल्या जवळचे उदाहरण कोल्हापूरचे आहे. नसीमा हुरजूक यांचे कमरेखालचे शरीर ऐन तारुण्यात लुळे पडले. त्या चाकाच्या खुर्चीवरून शिकल्या आणि केंद्र सरकारच्या सीमाशुल्क व उत्पादनशुल्क खात्यात त्यांनी नोकरी केली. १९८४ साली त्यांनी 'हेल्पर्स ऑफ द हॅन्डिकॅप्ड' ही संस्था काढली. वसतिगृह आणि शिक्षण यांवर संस्था थांबली नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या 'स्वप्ननगरी'त काजूवर प्रक्रिया करण्याचा उद्योगही उभा राहिला. काजू कोकणात पिकतो, म्हणून उद्योग काजूचा. गावात जे पिकते आणि विकते त्यातूनच काम शोधावे, हा धडा मी त्यातून घेतला.

कायदा काय म्हणतो?

आपल्या राज्यघटनेच्या ४१ व्या कलमात काम व शिक्षण मिळण्याच्या हक्काचा आणि अपंगत्व आल्यास सार्वजनिक साहाय्याचा उल्लेख आहे. पण त्यासाठी वेगळा कायदा व्हायला १९९५ साल उजाडले. त्यात सात प्रकारचे अपंगत्व धरले होते आणि सरकारी नोकऱ्यांत ३ टक्के जागा राखीव होत्या. त्याच्या जागी २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम आला आणि एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यात २१ प्रकार आहेत. किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्यांना ६ ते १८ वर्षे वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, उच्च शिक्षणात ५ टक्के आणि सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के जागा राखीव आहेत. या चार टक्क्यांपैकी एक टक्का अंध व अल्पदृष्टी, एक टक्का कर्णबधिर, एक टक्का अस्थिव्यंग व तत्सम, आणि एक टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, मानसिक आजार, अध्ययन अक्षमता व बहुविकलांगता यांच्यासाठी आहे. डिसेंबर २०२२ मध्ये आपल्या राज्याने दिव्यांग कल्याणाचे स्वतंत्र खातेही केले.

अण्णा शाळेतून बाहेर पडला तेव्हा हा कायदा लागू झालेला होता. आम्हाला तो ठाऊक नव्हता, एवढेच.

कायदा वाचताना मला एक गोष्ट जाणवली. अठराव्या वर्षापर्यंत शाळेची जबाबदारी. नोकरीची जाहिरात निघाली की राखीव जागांची तरतूद. व्यवसाय शिक्षणाची आणि कर्जाची कलमेही आहेत. पण शाळेचे दार आणि कामाचे दार यांच्या मधले अंतर एकेका मुलाने कसे ओलांडायचे, त्याचा हात कोणी धरायचा, हे कोणा एकावर बंधनकारक नाही. शाळा म्हणते, आमचा विद्यार्थी पास झाला. कार्यालय म्हणते, आमच्याकडे नाव नोंदले आहे. दोघांचेही म्हणणे खरे असते, आणि मुलगा ओट्यावर बसलेला असतो.

अमेरिकेत १९७५ साली दिव्यांग मुलांच्या शिक्षणाचा कायदा झाला. १९९० साली त्यात अशी भर घातली, की मूल सोळा वर्षांचे होईपर्यंत शाळेने त्याच्या पुढच्या आयुष्याचा लेखी आराखडा करावा : कोणते काम, कोणते शिक्षण, राहणे कोठे, आणि त्यासाठी कोणी काय करायचे. हा आराखडा ठरवण्याच्या बैठकीला खुद्द विद्यार्थ्यालाही बोलवावे लागते. श्रीमंत देशाचे सगळे आपल्याला जमणार नाही. पण एक कागद लिहिणे आणि मुलाला विचारणे याला पैसे किती लागतात?

अडत दुकानातले पंधरा दिवस

आता अण्णाला काम कसे मिळाले ते सांगते. अप्पा ज्या दुकानात हमाली करत तेथला पोती शिवणारा गडी काम सोडून गेला. तुरीचा हंगाम ऐन भरात होता. अप्पांनी भीत भीत अडत्यांना विचारले. ते म्हणाले, "पोरगा चांगला आहे, पण त्याला ऐकू येत नाही. थप्पीवरून पोते सुटले आणि हमालांनी आरोळी दिली तर काय करायचे?" मला हा प्रश्न रास्त वाटतो. दया दाखवून तो टाळण्यात अर्थ नव्हता.

त्यावर अप्पांनीच तोड काढली. अण्णाची जागा भिंतीला पाठ करून, थप्पीपासून दूर ठरवली. मागून कोणी येणार नाही आणि समोरचे सगळे दिसेल अशी. पंधरा दिवस अप्पांनी त्याच्या शेजारीच काम घेतले. दाभणात सुतळी किती लांब ओवायची, पोत्याचे कान कसे बांधायचे, हे त्यांनी हाताने दाखवले. मुनीम पाटीवर खडूने पोत्यांचा आकडा लिहून दाखवू लागले. हमालांनी चार खुणा शिकून घेतल्या : थांब, सरक, जेवण, हिशेब. सोळाव्या दिवशी अप्पा आपल्या जागी परत गेले. त्यांची कोणाला आठवण झाली नाही, आणि हीच अण्णाची परीक्षा पास झाल्याची खूण.

पुढे वाचनात आले, की परदेशात १९८० नंतर याच पद्धतीचा पुष्कळ प्रसार झाला. आधी वर्षानुवर्षे शिकवून मग काम शोधण्याऐवजी माणसाला आधी खऱ्या कामावर ठेवायचे, सोबत एक जाणकार द्यायचा, आणि काम बसेल तसतसे त्या जाणकाराने मागे सरायचे. बौद्धिक अक्षमता असलेल्या तरुणांनासुद्धा या रीतीने उघड्या बाजारात कामे करता आली. अप्पांनी यातले काही वाचलेले नव्हते.

एक कडू गोष्टही लिहिली पाहिजे. पहिल्या हंगामात अण्णाला पोत्यामागे इतरांच्या निम्मा दर मिळाला. 'शिकाऊ आहे' असे कारण होते. तो इतरांइतकीच पोती शिवत होता हे मुनिमांच्या वहीत लिहिलेलेच होते. दुसऱ्या हंगामात त्याने स्वतः ती वही उघडून आकड्यांवर बोट ठेवले. तेव्हापासून दर सारखा झाला. तो लिहा-वाचायला शिकला त्याचा खरा उपयोग मला त्या दिवशी कळला.

प्रत्येकाची अडचण वेगळी

यावरून सगळ्या दिव्यांगांना पोती शिवायला बसवावे असा अर्थ कोणी घेऊ नये. दृष्टिहीन विद्यार्थ्याला एकट्याने स्टेशनपासून कामाच्या जागेपर्यंत जाता येणे हे शिक्षणच आहे. पडद्यावरची अक्षरे वाचून दाखवणारी संगणक प्रणाली आता विनामूल्य मिळते, ती शाळेतच हाताखाली आली पाहिजे. चाकाची खुर्ची वापरणाऱ्याला काम येत असते, अडते ते तीन पायऱ्यांशी आणि स्वच्छतागृहाशी. बौद्धिक अक्षमता असलेल्याला काम लहान लहान भागांत तोडून पुन्हा पुन्हा दाखवावे लागते, शिवाय पैसे मोजणे, वेळेवर येणे, अनोळखी माणसापासून सावध राहणे हेही शिकवावे लागते. ज्यांना बाजाराची धावपळ झेपत नाही त्यांच्यासाठी अठरा वर्षांपुढच्या कर्मशाळा आहेत, त्यांचीही गरज आहे. एकच औषध सगळ्यांना चालत नाही, म्हणून तर आराखडा एकेकाचा वेगळा हवा.

सरकारी नोकऱ्या मोजक्याच असतात. बहुतेकांना आपल्याच गावात, बाजारात, दुकानात, शेतात काम शोधावे लागणार. म्हणून दुधनीसारख्या गावाने स्वतःकडे पाहणे महत्त्वाचे आहे.

आपण काय करू शकतो?

माझ्या अल्पमतीप्रमाणे चार गोष्टी सुचवते.

पहिली, आपल्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांनी आपापल्या गावातल्या चौदा ते पंचवीस वयाच्या दिव्यांग मुलामुलींना भेटावे. प्रमाणपत्र आहे का, वैश्विक ओळखपत्र काढले आहे का, काय येते आणि काय करावेसे वाटते, हे लिहून घ्यावे. मुलींची नावे घरचे लोक सांगत नाहीत, ती मुद्दाम विचारावीत.

दुसरी, गावातल्या कामांची यादी करावी : शिवणकाम, मोबाईल दुरुस्ती, झेरॉक्स, गिरणी, रोपवाटिका, अडत दुकान. सुट्टीत आठ-पंधरा दिवस मुलाला तेथे बसू द्यावे. शाळा चालू असतानाच हे झाले तर आवड कळते आणि मालकाची भीतीही जाते.

तिसरी, ग्रामपंचायती आणि नगरपरिषदा यांनी आपल्या उत्पन्नाचा ५ टक्के भाग दिव्यांगांच्या कल्याणासाठी खर्च करावा असा शासनाचा आदेश आहे. त्यासाठी अर्ज कसा करावा हे घरच्यांना सांगावे, लिहिता येत नसेल तर लिहून द्यावा. आपल्या शिक्षणाचा गावाला एवढा तरी उपयोग व्हावा.

चौथी, आपल्या वर्गात येणाऱ्या दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी लेखनिक होण्याची तयारी ठेवावी, आणि पंचवीस-तीस खुणा तरी शिकून घ्याव्यात. भारतीय सांकेतिक भाषेसाठी दिल्लीत २०१५ साली स्वतंत्र केंद्र निघाले आहे. त्यांच्या चित्रफिती मोबाईलवर कोणालाही पाहता येतात. मी त्यावरूनच शिकत आहे. रात्री अण्णा मोबाईलवर आपल्या शाळेतल्या मित्रांशी हातांनी बोलतो, त्यातले थोडे थोडे आता मला कळते.

शेवटी

हे टिपण लिहिताना मी अण्णाला कागदावर मराठीत एक प्रश्न लिहून दिला : 'तुला कोणते काम आवडते?' मला वाटले होते तो पोत्यांचे चित्र काढील. त्याने लिहिले, 'टेलर.' मग थोडा थांबून खाली लिहिले, 'आता कटिंग विसरलो.'

सव्वीस वर्षांत हा प्रश्न त्याला घरात कोणी विचारला नव्हता. अप्पा-अव्वांना लिहिता येत नाही. मला तर येत होते, सातवीत असतानाही येत होते. तरी मी विचारला नाही. शाळेला, कार्यालयाला आणि सरकारला बोल लावण्यापूर्वी हा दोष मला माझ्या पदरात घ्यावा लागतो.

शिलाई मशीन मिळावे म्हणून नगरपरिषदेला द्यायचा अर्ज आम्ही दोघांनी मिळून लिहिला आहे. सही अण्णाची आहे. गावातल्या एका टेलरकाकांनी रविवारी त्याला कटिंग दाखवण्याचे कबूल केले आहे. पोती शिवण्याचे काम चालूच राहील, कारण घर त्यावर चालते, माझी फीसुद्धा.

वाचक मित्रमैत्रिणींनो, तुमच्या गल्लीतही कोणी ओट्यावर बसलेला असेल, कोणी दाराआड बसलेली असेल. त्यांना मदत काय करावी हे नंतर ठरवू. आधी जाऊन त्यांना काय हवे आहे ते विचारा.

— द्वितीय वर्ष कला